शेजाऱ्यांच्या सभेपुढे म्हातारपण

आजचा धागा पत्रांपासून सुरू करू.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत लंडनच्या गल्ल्यांतून एसेक्स परगण्यातील लहान गावांकडे एका विशिष्ट प्रकारची पत्रे जात असत. लिहिणारी माणसे बहुधा वृद्ध, आजारी किंवा विधवा. अक्षर वेडेवाकडे, शब्द कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. काही पत्रे तर शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेली. मजकूर मात्र आश्चर्यकारकरीत्या सारखा. हातपाय चालत नाहीत, काम मिळत नाही, घरभाडे थकले आहे, घरमालक भांडीकुंडी उचलून नेण्याची धमकी देतो आहे. आणि शेवटी एक वाक्य हमखास येते : मदत पाठवली नाही, तर नाइलाजाने मला गावी परत यावे लागेल.

ही विनवणी होती की धमकी? थोडे थोडे दोन्ही. ते समजण्यासाठी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांचा आणि छोट्या शहरांचा कारभार कसा चाले, ते पाहावे लागते. राजे आणि लढाया यांच्या गर्दीत हा विषय आपल्या वाचनात फारसा येत नाही. परंतु निराधार वृद्धाला जगवण्याची जबाबदारी स्थानिक कारभारावर टाकली, तर काय काय घडते याचा तब्बल तीन शतकांचा दस्तऐवज इथे उपलब्ध आहे.

१६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, दरिद्र्यांच्या पोषणाचा कायदा पक्का झाला. त्यातले एकक होते पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतले गाव किंवा शहराचा भाग. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सुमारे १५ हजार पॅरिशे होती. प्रत्येक ठिकाणी दरवर्षी ईस्टरच्या सुमारास गावातल्या दोन-चार खात्यापित्या गृहस्थांची ‘ओव्हरसियर’ म्हणून नेमणूक होई. पगार नाही, आणि नेमणूक नाकारायचीही सोय नाही. त्यांनी जमीन-घरे असलेल्यांकडून कर गोळा करायचा आणि गावातल्या म्हाताऱ्या, आंधळ्या, पांगळ्या, अनाथ माणसांना त्यातून पोसायचे. सक्तीचा कर, त्यातून मदत, आणि ती देणारी संस्था अगदी कोपऱ्यावरची. या व्यवस्थेतले हे तीन धागे लक्षात ठेवा.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. ऐपत असेल तर मुलांनी आईबापांना पोसलेच पाहिजे. आजी-आजोबांनी नातवंडांना पोसलेच पाहिजे. ‘तिकडच्या समाजात म्हाताऱ्यांना विचारत नाहीत’ असे ठोकून देणाऱ्या मंडळींनी हे कलम जरूर वाचावे. आपल्याकडे २००७ साली पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला, हेही त्यासोबत आठवावे.

आता मदतीचे स्वरूप पाहू, कारण या विषयाचा सगळा जीव तिथे आहे. ओव्हरसियरांच्या हिशेबवह्या मोठ्या संख्येने टिकून आहेत. त्यांत आठवड्याला ठरावीक रक्कम मिळणाऱ्यांची यादी असते, आणि त्या रकमेला तेव्हाही ‘पेन्शन’च म्हणत. यादीत वरचेवर भेटतात त्या विधवा. १८३० च्या दशकात ही रक्कम साधारण अडीच ते तीन शिलिंगांपर्यंत पोचली होती. शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगांच्या आसपास असण्याचा तो काळ. डेव्हिड थॉमसन या इतिहासकाराने तर असा दावा केला, की मजुराच्या उत्पन्नाशी तुलना केली तर ही पेन्शन विसाव्या शतकातल्या सरकारी पेन्शनपेक्षा कमी उदार नव्हती. दावा वादग्रस्त आहे. उत्तरेकडच्या पॅरिशांचा हात बराच आखडता असे, हे इतरांनी दाखवून दिले आहे. तरीही पेन्शनच्या आकड्यापेक्षा मला त्याखालच्या फुटकळ नोंदी अधिक बोलक्या वाटतात.

कुणाला बूट, कुणाला सदरा, थंडीत कोळसा किंवा लाकूडफाटा. थकलेले घरभाडे. आजारपणात वैद्याची फी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईची सेवा करण्यासाठी दुसऱ्या एका गरीब विधवेला आठवड्याचे पैसे. ही शेवटची नोंद पुन्हा एकदा वाचा. एका वृद्धेची शुश्रूषा आणि दुसरीची चूल, अशी दोन्ही कामे गाव एकाच रकमेत भागवत असे. आणि माणूस गेला, की पेटी, खड्डा आणि खांदेकऱ्यांना बिअर, हाही खर्च वहीत यायचा.

अशी मदत दूरच्या राजधानीतून होऊ शकत नाही. अमक्या म्हातारीचे छप्पर गळते हे रोज त्या वाटेने जाणाऱ्यालाच ठाऊक असते.

पण त्या वाटेने जाणाऱ्याला इतरही बरेच काही ठाऊक असते. ती चर्चला येत नाही. तिचा मुलगा शेजारच्या गावात चार पैसे कमावतो. गेल्या महिन्यात तिने नवी शाल घेतली. मदत हवी असलेल्या माणसाला ‘व्हेस्ट्री’समोर, म्हणजे गावच्या करदात्यांच्या सभेसमोर, आपले म्हणणे मांडावे लागे. समोर बसलेल्यांत त्याचा जुना मालक असे, किराणा दुकानदार असे, घरमालकही असे. मदतीचा प्रत्येक पेनी त्यांच्याच खिशातून जाणार असे.

ससेक्समधील ईस्ट होथली या खेड्यात थॉमस टर्नर नावाचा दुकानदार होता. १७५४ ते १७६५ या काळातली त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तो स्वतः ओव्हरसियर होता. त्याच्या रोजनिशीत व्हेस्ट्रीच्या सभा डोळ्यांसमोर उभ्या राहतात : आरडाओरडा, शिव्याशाप, कराच्या आकारणीवरून भांडणे, आणि सभेनंतर दारू. टर्नर स्वतः दुष्ट नव्हता. पिण्याबद्दल त्याला दुसऱ्या दिवशी मनापासून पश्चात्ताप होई आणि तो तसे लिहूनही ठेवी. आपल्या एखाद्या ग्रामसभेचे इतिवृत्त इतक्या प्रामाणिकपणे कुणी लिहिले, तर फार वेगळे निघेल असे मला वाटत नाही.

या जवळिकीची किंमतही होती. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्या प्रत्येकाने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ अक्षर आणि आपल्या पॅरिशचे आद्याक्षर शिवून घ्यावे, असे फर्मावले. पी म्हणजे पॉपर, कंगाल. सत्तरीच्या विधवेने बाजारात जाताना खांद्यावर हे अक्षर मिरवायचे. सगळीकडे याची अंमलबजावणी झाली नाही. पण कायद्याच्या पुस्तकात ही तरतूद १८१० पर्यंत होती. पेन्शन घेणाऱ्याच्या घरातल्या वस्तूंची यादी करून ठेवण्याचा आणि तो वारल्यावर त्या ताब्यात घेण्याचा प्रघातही अनेक ठिकाणी होता.

शिवाय हक्क होता तो फक्त ‘आपल्या’ गावात. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचे एक मूळ पॅरिश ठरत असे, आणि दुसऱ्या गावावर त्याचा भार पडण्याची शक्यता दिसली तर त्याला गाडीत घालून परत धाडता येई. १७९५ मध्ये यात सुधारणा झाली. तोवर माणसाने मदत मागितलेलीही नसायची. केवळ पुढे मागेल या भीतीने त्याला हाकलले जाई.

आता त्या लंडनच्या पत्रांचा अर्थ उलगडतो. तरुणपणी कामासाठी शहरात गेलेला माणूस म्हातारपणी थकला, तरी त्याची जबाबदारी मूळ गावचीच. तो परत आला, तर गावाला त्याला खोली, जेवण, कोळसा सगळेच पुरवावे लागणार. त्यापेक्षा तिथेच दोन शिलिंग पाठवणे स्वस्त. ‘मी परत येईन’ असे लिहिणाऱ्याला हे गणित पक्के ठाऊक होते. अशी ७५८ पत्रे थॉमस सोकोल यांनी २००१ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी प्रशासनाशी केलेली ही घासाघीस वाचताना, गरीब माणूस निमूट असतो हा आपला समज गळून पडतो.

१८१८ च्या सुमारास साऱ्या देशातला गरिबांवरचा वार्षिक खर्च ८० लाख पौंडांच्या घरात गेला आणि करदाते चिडले. १८३४ चा नवा कायदा आला. पॅरिशे एकत्र करून सुमारे सहाशे ‘युनियन’ तयार करण्यात आल्या. बहुतेकांचे केंद्र एखादे बाजारपेठेचे लहान शहर. तिथे वर्कहाउस, आणि त्यावर करदात्यांनी निवडलेले ‘गार्डियन’ मंडळ. ज्याची मालमत्ता मोठी, त्याची मतेही अधिक. मालक म्हणून एका माणसाला सहा मतांपर्यंत.

कायद्याचा रोख धडधाकट बेकारांवर होता. वृद्धांना घरपोच मदत बंद करावी असा त्याचा हेतू नव्हता, आणि बहुतेक वृद्धांना ती मिळतही राहिली, कारण ती स्वस्त पडे. पण ज्यांना सांभाळणारे कुणीच नव्हते, त्यांना वर्कहाउसचे दार दिसले. आत गेल्यावर स्त्रिया एकीकडे, पुरुष दुसरीकडे. चाळीस वर्षे संसार केलेली जोडपी भिंतीच्या दोन बाजूंना झोपत. साठी ओलांडलेल्या जोडप्यांना वेगळे राहण्याची सक्ती करू नये, असे संसदेला १८४७ मध्ये सांगावे लागले. तरीही त्यांच्यासाठी स्वतंत्र खोल्या फार थोड्या ठिकाणी बांधल्या गेल्या.

हॅम्पशायरमधले अँडोव्हर हे असेच एक लहान शहर. तिथल्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे कुटण्याचे काम देत. जेवण इतके अपुरे, की कुटायला आलेल्या हाडांना चिकटलेले कुजके मांस आणि आतला मगज माणसे लपूनछपून खात, त्यासाठी भांडत. त्यांत साठी ओलांडलेले लोकही होते. ह्यू मंडी नावाच्या एका गार्डियनने, म्हणजे त्याच मंडळाच्या एका सभासदाने, हा प्रश्न मांडला. सहकाऱ्यांनी दाद दिली नाही, तेव्हा तो थॉमस वेकली या खासदाराकडे गेला. ऑगस्ट १८४५ मध्ये प्रश्न संसदेत पोचला, चौकशी समिती बसली, आणि अखेर देशभरच्या दरिद्री-कायदा आयोगाचीच गच्छंती झाली. मंडी संत होता असे नाही. मंडळातल्या इतरांशी त्याचे पटत नसे. पण शहराच्या कारभाऱ्यांपैकी भिंतीच्या आत काय चालले आहे हे बाहेर सांगणारा तो एकटा निघाला.

पुढचा टप्पा नॉर्दॅम्प्टनशायरमधील ब्रिक्सवर्थ युनियनचा. १८७० नंतर घरपोच मदत शक्यतो बंदच करायची, अशी मोहीम देशभर निघाली, आणि तिच्या आघाडीवर हे मंडळ होते. अल्बर्ट पेल हे खासदार तिथले गार्डियन. म्हाताऱ्यांची पेन्शन तोडून त्यांना सांगण्यात आले : वर्कहाउसमध्ये या, किंवा मुलांकडे मागा. मुले स्वतःच अर्धपोटी मजूर. म्हाताऱ्यांना अजून एक धास्ती असे. १८३२ च्या कायद्याने वर्कहाउसमध्ये मेलेल्या बेवारस माणसाचे प्रेत वैद्यकीय शाळेत चिरफाडीसाठी देता येई. म्हणजे मरणसुद्धा आपले राहील की नाही याची खात्री नाही.

यावर उपाय कुठून आला? दयेतून आला नाही. १८९४ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने एकाला अनेक मते ही पद्धत मोडली आणि गार्डियन होण्यासाठीची मालमत्तेची अट काढून टाकली. शेतमजूर, कारागीर आणि शेकड्यांनी स्त्रिया मंडळांवर निवडून येऊ लागल्या. ब्रिक्सवर्थला मजुरांनी याच प्रश्नावर निवडणूक लढवली, आणि दशकाच्या मध्यापर्यंत मंडळाचे धोरण पालटले. देशात इतरत्रही याच सुमारास वर्कहाउसमधल्या वृद्धांना चहा, तंबाखू, तपकीर मिळू लागली. हे किरकोळ वाटेल. परंतु दिवसाच्या ज्या वेळी माणसाला चहा हवासा वाटतो त्या वेळी तो करून घेता येणे, यात किती स्वातंत्र्य आहे, हे घरातल्या कुठल्याही आजोबांना विचारून पाहावे.

मग १९०८. अॅस्क्विथ यांच्या मंत्रिमंडळाने वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा केला. १ ऑगस्ट रोजी त्यावर राजाची मोहोर उमटली. (याच मंत्रिमंडळाच्या अमदानीत त्याआधी दहा दिवस, २२ जुलैला, मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. भारतमंत्री होते उदारमतवादी म्हणून ख्यातनाम असलेले जॉन मोर्ले. एका सरकारचे दोन चेहरे एकाच पंधरवड्यात पाहायचे असतील, तर ही तारीख ध्यानात ठेवावी.)

वय ७० पूर्ण, वार्षिक उत्पन्न २१ पौंडांपर्यंत असेल तर आठवड्याला पाच शिलिंग. त्यापुढे कमी कमी होत साडेएकतीस पौंडांना बंद. तुरुंगवास भोगलेल्यांना, जाणूनबुजून काम टाळणाऱ्यांना सुरुवातीला वगळलेले. अर्ज मंजूर करायला स्थानिक परिषदेने नेमलेली समिती होतीच. पण पैसे येणार होते सरकारी तिजोरीतून, आणि मिळणार होते पोस्टाच्या खिडकीवर. १ जानेवारी १९०९ रोजी पाच लाखांहून अधिक वृद्धांचा त्यावर हक्क लागू झाला.

वय सिद्ध करण्याची गंमत आयर्लंडमध्ये झाली. तिथे सर्वांच्या जन्मनोंदणीला १८६४ मध्ये सुरुवात झाली होती. सत्तरीच्या माणसाकडे दाखला असणार कुठून? मग ६ जानेवारी १८३९ च्या रात्री झालेले महाभयंकर वादळ पुराव्याला आले. ते वादळ आठवते, असे सांगणारा सत्तरीचा धरला जाई. साहजिकच ते आठवणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. आपल्याकडे ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पोटात होता’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते’ असे सांगणाऱ्या आजी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पाच शिलिंगांत कुणी श्रीमंत झाले नाही. तरी या पेन्शनचे जे स्वागत झाले, त्याचे कारण मला रकमेपेक्षा त्या खिडकीत दिसते. पोस्टातला कारकून म्हातारीला ओळखत असला, तरी तिची शाल नवी आहे का, हे विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. मात्र तिचे छप्पर गळते, हेही आता कुणाच्या वहीत लिहिले जाणार नव्हते. इतिहासकार या बदलाला प्रगती म्हणतात आणि मीही म्हणते. पण शुश्रूषेसाठी शेजारणीला पैसे देणारी ती जुनी नोंद मनातून जात नाही.

जाता जाता : गार्डियन मंडळे १९३० मध्ये बरखास्त झाली. १९४८ च्या कायद्याने गरजू वृद्धांना निवासाची सोय करण्याचे काम स्थानिक परिषदांवर आले. परिषदांकडे इमारती कोणत्या होत्या? जुनी वर्कहाउसेच. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड १९५० च्या दशकाच्या शेवटी अशी निवासस्थाने पाहत फिरले, तेव्हा हजारो वृद्ध त्याच भिंतींच्या आत, लांबच लांब दालनांत ओळीने लावलेल्या खाटांवर होते.

हिंदुस्थानात ब्रिटिशांनी असा कायदा कधीच आणला नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाचे म्हणणे, की इथला समाज दानशूर आहे, एरवी कुटुंब आणि गाव पाहून घेते. सरकारने फक्त दुष्काळात लक्ष घालावे. त्यामुळे पुढे झालेल्या दुष्काळसंहितांत निराधार वृद्ध दिसतात, ते दुष्काळ पडल्यावर फुकट शिधा मिळणाऱ्यांच्या यादीत. गावकामगारांनी नावे सुचवायची आणि वरच्यांनी मंजूर करायची. पाऊस पडला, की यादी बंद.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आला, पण न्यायालयात मागता येणारा हक्क म्हणून नव्हे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ चा. आणि नगरपालिका? ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांचे १८ विषय आहेत. दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा एक विषय त्यांत आहे. दहनभूमी आणि दफनभूमी यांचा स्वतंत्र विषय आहे. वृद्धांचा नाही.

आपल्याकडे अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. तहसीलदार सदस्य-सचिव, अध्यक्ष बहुधा स्थानिक राजकारणातला. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये. १९०८ चे २१ पौंड आणि हे २१ हजार, हा निव्वळ योगायोग आहे, पण अभिलेखागारात बसून तो आकडा प्रथम वाचला तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन आले.

कारण आमच्या गावच्या घराशेजारी एक आजी राहतात. त्यांचे कागद दोन वर्षांपासून मी भरते. पहिल्या खेपेला त्यांचा अर्ज अडला होता. मुलगा असल्याचे समितीतल्या एकाला ठाऊक होते. मुलगा अकरा वर्षे घरी आलेला नाही, हेही त्याला ठाऊक होते. पण तसा कागद नव्हता. अखेर अर्ज मंजूर झाला, तो समितीतल्याच दुसऱ्या एका सभासदाने शब्द टाकल्यामुळे. त्यालाही हे सगळे ठाऊकच होते.

आता पैसे थेट बँकेत येतात. यंदा हयातीचा दाखलाही मोबाइलवर झाला. पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा धरून त्यांना डोळे मिचकावायला सांगितले. तिसऱ्या वेळी जमले. मोबाइल परत देताना त्यांनी विचारले, ‘‘अगं, पण हे बघतंय कोण?’’